रुग्णशय्येवरची कारागिरी

ज्वर उतरला, वैद्याने नाडी पाहून आता भय नाही असा निर्वाळा दिला, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तरीही अंथरुणावरून उठण्याची मुभा मात्र मिळाली नाही, असा जो एक अधांतरी काळ प्रत्येक दीर्घ दुखण्याच्या अखेरीस येतो, त्याची दखल वैद्यकाच्या इतिहासकारांनी फारच त्रोटक घेतली आहे. त्यातून हे दुखणे हिवाळ्यातले असले म्हणजे तो काळ अधिकच जड जातो. कारण दिवस लहान, दारेखिडक्या लावलेल्या, आणि रात्र काही केल्या सरत नाही. अशा वेळी दुखणेकऱ्याच्या हाती सुईदोरा, वेत, माती किंवा लाकडाचा तुकडा देण्याचा जो प्रघात युरोप-अमेरिकेत गेल्या शतकाच्या आरंभी शास्त्राच्या पदवीस पोहोचला आणि तेथून मुंबईच्या परळ भागात येऊन रुजला, त्याचे पूर्ववृत्त मला येथे सांगावयाचे आहे. स्वतःच्या हातून एखादी देखणी वस्तू उतरल्याचा आनंद हा ह्या उपचाराचा प्राण होता, आणि ज्या ज्या ठिकाणी त्या आनंदाची जागा हिशेबाने घेतली त्या त्या ठिकाणी उपचार निस्तेज झाला, असे हा सारा वृत्तांत पाहून माझे मत बनले आहे.

तसे पाहिले तर ही गोष्ट आपल्या घरांना अगदीच अपरिचित नव्हती. थंडीच्या दिवसांत नवा कापूस घरात आला की सरकी काढून तो पिंजून ठेवीत, आणि दुखण्यातून उठलेली, चुलीपाशी जाण्याची मनाई असलेली वडीलधारी बाई भिंतीला टेकून, बोटांना दुधाचा किंवा भस्माचा हात लावून, वाती वळीत बसे. लाख वातींचा नेम पुष्कळदा अशाच सक्तीच्या विश्रांतीत पुरा होई. कापसाचा एक पेळू तर्जनी आणि अंगठा यांच्यामध्ये धरून त्याला सारख्या जाडीचा पीळ देणे वाटते तितके सोपे नाही. अशक्त हाताची वात आधी गाठाळ येते, मग हळूहळू सरळ येऊ लागते, आणि वळणारीला आपल्या हातात ताकद परत आल्याचे तबकातल्या वातीच सांगतात. परंतु आपल्याकडे ह्या गोष्टीचा विचार धर्मकृत्य म्हणून झाला, चिकित्सा म्हणून झाला नाही.

पश्चिमेकडील पहिला ठसठशीत दाखला क्रिमियाच्या युद्धातला आहे. 1854 च्या नोव्हेंबरात इंकरमनच्या लढाईत टॉमस वॉकर नावाच्या एका शिपायाच्या डोक्यास गोळ्याची जखम झाली आणि कवटीच्या हाडाचे तुकडे शस्त्रक्रियेने काढावे लागले. तो पुढे इंग्लंडात इस्पितळात पडून असताना टॉमस वुड ह्या चित्रकाराने त्याचे चित्र काढले, आणि त्या चित्रात हा शिपाई बिछान्यावर बसून लष्करी गणवेशाच्या रंगीत कापडाचे तुकडे जोडून एक वाकळ शिवताना दिसतो. अशी वाकळ मुद्दाम न्याहाळण्यासारखी असते. पलटणीच्या डगल्यांची बनात कुटून कुटून इतकी घट्ट केलेली असे की, ती कापली तरी कडेचे दोरे सुटत नसत. त्यामुळे कड दुमडण्याची गरज न पडता एका तुकड्याची धार दुसऱ्याच्या धारेला भिडवून बारीक, दाट टाके घालता येत, आणि लाल, काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या शेकडो लहान तुकड्यांतून ताऱ्यांची, चौकटींची, चक्रांची नक्षी साधता येई. जाड बनातीतून सुई पार करावयास मनगटात जोर हवा आणि टाका सारखा पडावयास चित्त ठिकाणावर हवे. म्हणजे दुर्बल शरीर आणि भ्रमलेले मन या दोहोंनाही पुरेल इतके काम त्या एका वाकळीत होते. अशा कित्येक वाकळा हिंदुस्थानातील छावण्यांतही गोऱ्या शिपायांनी व पलटणीच्या शिंप्यांनी शिवल्या. शिपायाने मद्याच्या गुत्त्यापासून दूर राहावे म्हणून सुईकामास उत्तेजन देणारे लोक त्या काळी लष्करात होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

एवढे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिष्ठित वैद्यांचा कौल नेमका उलट होता. फिलाडेल्फियाचे सायलास वियर मिचेल यांनी मज्जातंतूंच्या थकव्यावर ‘विश्रांति-चिकित्सा’ काढली. तीत रुग्णाने, विशेषतः स्त्रीने, आठवडेच्या आठवडे निजून राहावे, दूध प्यावे आणि कसलाही उद्योग करू नये असा दंडक होता. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेस 1887 साली ह्याच चिकित्सेतून जावे लागले आणि लेखणी-कुंचल्याला पुन्हा हात लावू नये असा सल्ला मिळाला. तो पाळता पाळता आपण वेडाच्या काठावर पोहोचलो असे तिने मागाहून लिहिले आहे, आणि 1892 साली प्रसिद्ध झालेली ‘द यलो वॉलपेपर’ ही तिची कथा त्याच अनुभवाचे फळ होय. माणसाचे हात बांधून त्याचे मन मोकळे होईल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

ह्या मताला पहिला व्यवहारी विरोध मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. तेथे डॉ. हर्बर्ट हॉल यांनी 1904 च्या सुमारास हातकामाची शाळा काढली आणि मनाने खचलेल्या रुग्णांस विणकाम, लाकडावरील कोरीवकाम, धातुकाम व कुंभारकाम शिकवावयास आरंभ केला. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांच्या प्रयोगास 1000 डॉलरांची मदत दिली. ह्या शाळेतील कुंभारकामास आर्थर बॅग्ज नावाचा तरुण कारागीर लाभला, आणि तेथील साध्या, मंद रंगांच्या फुलदाण्यांचा इतका लौकिक झाला की लवकरच कुंभारशाळा रुग्णालयापासून अलग करून स्वतंत्र कारखाना म्हणून चालविणे भाग पडले. वस्तू जिंकली आणि रुग्ण बाहेर राहिला! मार्बलहेडची भांडी आजही संग्राहकांना प्रिय आहेत. परंतु ज्या थरथरत्या हातांसाठी ती माती प्रथम मळली गेली, त्यांच्या दृष्टीने हे यश संमिश्रच म्हणावे लागेल. त्याच सुमारास बॉस्टनच्या ॲडम्स नर्व्हाइन ह्या संस्थेत सूझन ट्रेसी ह्या परिचारिकेने हाच मार्ग शुश्रूषेच्या अंगाने चोखाळला. अंथरुणावर पडल्या पडल्या करता येतील अशा कामांचा तिने लिहिलेला ग्रंथ 1910 साली निघाला आणि परिचारिकांच्या शिक्षणात त्याला स्थान मिळाले.

हिवाळा आणि हस्तकाम यांची खरी गाठ पडली ती क्षयाच्या आरोग्यधामांत. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडिरॉन्डॅक पर्वतात, सारानॅक लेक येथे, स्वतः क्षयाने ग्रासलेल्या डॉ. एडवर्ड ट्रूडो यांनी 1885 च्या सुमारास आरोग्यधाम स्थापिले. थंड, कोरडी, मोकळी हवा हेच त्या काळचे औषध. म्हणून बाहेर गुडघाभर बर्फ पडले असतानाही रुग्णांनी उघड्या सज्ज्यांत, लांब कलत्या खुर्च्यांवर, लोकरी कांबळ्यांत गुरफटून तासन् तास पडून राहावयाचे असा शिरस्ता होता. रोगाची मुदत महिन्यांत नव्हे तर वर्षांत मोजली जाई. काहींची ती संपतच नसे. ताप उतरून काही काळ लोटला म्हणजे वैद्याच्या लेखी परवानगीने थोडेथोडे हातकाम सुरू होई, आणि पुढे 1930 नंतरच्या दशकात त्या गावी रुग्णांसाठी अभ्यास व कारागिरीचे एक मंडळच निघाले. पुस्तकबांधणी, चामड्यावरील ठसेकाम, चांदीकाम अशा बैठ्या कला तेथे शिकविल्या जात. दिवसाकाठी पंधरा मिनिटे काम करण्याची आज्ञा मिळणे हा त्या रुग्णाच्या आयुष्यातील केवढा मोठा प्रसंग असे, याची कल्पना निरोगी माणसास येणे कठीण आहे; कारण त्या पंधरा मिनिटांत आपण जगणार अशी एक सरकारी मोहर त्याच्या भवितव्यावर उमटत असे.

कॅलिफोर्नियातील अरेकिपा येथील हकीकत याहून करुण आणि याहून सुंदरही आहे. 1906 च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर तेथील कष्टकरी स्त्रियांत क्षय बळावलेला पाहून डॉ. फिलिप किंग ब्राउन यांनी 1911 साली शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत स्त्रियांसाठी आरोग्यधाम उघडले. दुकानांत, कचेऱ्यांत, शिवणखोल्यांत राबणाऱ्या ह्या मुलींना फुकट उपकार घेतल्याची बोच लागू नये म्हणून तेथे कुंभारकाम सुरू करण्यात आले आणि फ्रेडरिक ऱ्हीड ह्या इंग्रज कुंभाराकडे ते सोपविण्यात आले. माती मळणे, चाक फिरविणे ही जड कामे धडधाकट मुले करीत, आणि रुग्ण स्त्रिया पातळ केलेल्या चिकणमातीची धार नळीतून सोडून भांड्यांवर पाने, फुले, वेली यांच्या उठावदार रेषा काढीत. हलवाई जिलबीचे वेटोळे सोडतो तशी ती धार हाताच्या एका दाबावर अवलंबून असे. दाब ढळला की रेषा फुगे. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात ही भांडी मांडली गेली. पण ऱ्हीडचा व्यवस्थेशी त्याआधीच बेबनाव झाला होता, आमद आणि खर्च यांचा मेळ बसेना, शिकून तयार झालेली बाई बरी होऊन घरी जाई आणि तिच्या जागी नवशिकी येई. अखेर 1918 साली कुंभारशाळा बंद पडली. कारखान्याच्या दृष्टीने जे नुकसान, तेच रुग्णालयाच्या दृष्टीने यश होते, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहावी?

ह्या सगळ्या विखुरलेल्या प्रयत्नांना एक नाव आणि एक संस्था मिळवून दिली ती जॉर्ज एडवर्ड बार्टन ह्या वास्तुशिल्पज्ञाने. क्षयाने जर्जर झालेला हा मनुष्य थंडीत पाय गोठून त्याची बोटे गमावून बसला आणि त्यानंतर त्याची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्याने 1914 साली घर घेतले, त्याला ‘कन्सोलेशन हाऊस’ असे नाव दिले, आणि सुतारकाम व बागकाम करून स्वतःचेच लुळे अंग कामास लावले. 1917 च्या मार्चमध्ये त्याच घरी पाचसहा समानधर्मी माणसे जमली आणि व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, प्रसारासाठी पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

लगोलग अमेरिका महायुद्धात पडली आणि संस्थेच्या तत्त्वांची परीक्षा रणभूमीवर झाली; हातकाम शिकविणाऱ्या स्त्रिया फ्रान्समधील लष्करी इस्पितळांत रवाना झाल्या. इंग्लंडात अर्नेस्ट थेसिजर ह्या नटाने, युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात स्वतःचे हात जखमी झाल्यावर, अपंग शिपायांस भरतकाम शिकवावे अशी सूचना केली. हे पुरुषास न शोभणारे काम म्हणून अधिकाऱ्यांनी ती आधी फेटाळली. परंतु लंडनच्या सेंट पॉल देवळातील वेदीसाठी 1919 साली जे भरजरी वस्त्र तयार झाले, ते ठिकठिकाणच्या इस्पितळांत पडलेल्या शंभराहून अधिक जखमी शिपायांनी तुकड्या तुकड्यांनी भरलेले होते. त्या फुलापाखरांच्या नक्षीपुढे पुरुषार्थाची ती जुनी व्याख्या आपोआप निरुत्तर होते. हिंदी शिपायांसाठीही तजवीज झाली: 1917 साली मुंबईत अपंग जवानांना धंदे शिकविण्यासाठी क्वीन मेरीच्या नावे शाळा निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीस गेली, जेथे ती अद्याप चालू आहे. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ज्या मराठा पलटणींनी हाल सोसले, त्यांच्या मुलखात ही शाळा असावी हे यथायोग्यच होय.

परंतु इस्पितळातील उपचार म्हणून ही विद्या आपल्याकडे आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांचे. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी, विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून 1930 च्या सुमारास त्या ह्या देशात आल्या आणि येथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी होऊन फिलाडेल्फियास व्यवसायोपचार शिकल्या, आणि 1950 साली मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी ह्या विषयाची भारतातील पहिली शाळा सुरू केली. ज्या समाजात विणणे, वळणे, घडविणे ही कामे जातीजातींच्या वाट्याला वाटून दिलेली, तेथे इस्पितळाच्या आवारात माग आणि करवत आणणे म्हणजे केवढा संकोच मोडणे होते, हे वेगळे सांगावयास नको. 1952 साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. कमलाबाईंच्या नावाने फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेली मराठी शाळा पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांचे हे रुग्णालयातील कार्य तितकेच ठाऊक असावयास हवे.

पुढे क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले, दुखण्याची वर्षे महिन्यांवर आली, ट्रूडोंचे आरोग्यधाम 1954 साली बंद झाले. ते व्हावयासच हवे होते. कोणत्याही वाकळीपेक्षा वाचलेला प्राण मोलाचा. महाराष्ट्रातही मिरज, पाचगणी येथल्या आरोग्यधामांत आपल्या मागच्या पिढ्यांतील कितीतरी माणसांनी हिवाळ्यामागून हिवाळे काढले. त्यांपैकी कोणाच्या हातचा विणलेला रुमाल, बांधलेली वही, वळलेली टोपली अथवा भरलेली उशी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती माळ्यावर टाकून न देता, करणाऱ्याचे नाव, गाव आणि आजारपणाचे साल एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूस बांधून ठेवावे, आणि शक्य तर जवळच्या एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावे, अशी वाचकांस विनंती आहे.