ॲसिडिटी, आई आणि एक जुनं भांडण

तर झालं असं की, आईला गेली चार-पाच वर्षं ‘ॲसिडिटी’ होती. म्हणजे आमच्या घरात तसं ठरलेलंच होतं. पोट जड, थकवा, पायाला मुंग्या... सगळ्याला एकच उत्तर, "अरे, पित्त झालंय, घेते एक गोळी." मीही "बरं" म्हणून परत लॅपटॉपमध्ये डोकं घालायचो.

शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्ट आला: जठराच्या अस्तराचा जुनाट दाह, ऑटोइम्यून प्रकारचा. बी-१२ खाली, गॅस्ट्रिन वर. आणि पोटात आम्ल जवळजवळ नाहीच!

हे गॅस्ट्रिन काय प्रकरण आहे म्हणून शनिवारी शोधायला बसलो, तो थेट १९०५ च्या लंडनमध्ये पोचलो. तिथे स्टार्लिंगने त्याच वर्षी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला होता. त्याच सुमारास जॉन एडकिन्स नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांजराच्या जठराच्या खालच्या भागातल्या अस्तराचा अर्क काढून मांजराच्याच शिरेत टोचला. जठरात आम्ल पाझरायला लागलं. वरच्या भागाच्या अर्काने तसं होईना. म्हणजे खालच्या अस्तरातून काहीतरी रक्तात जातं आणि आम्लाची ऑर्डर देतं. त्याला त्याने नाव दिलं गॅस्ट्रिन.

पण पुढे पोपिएल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने दाखवलं, की हिस्टामीन टोचलं तरी आम्ल सुटतं. आणि हिस्टामीन तर शरीरात जिकडेतिकडे सापडतं. झालं! लोक म्हणाले, एडकिन्सच्या अर्कात हिस्टामीनच असणार, गॅस्ट्रिन वगैरे काही नाही. आमच्या भाषेत, तिकीट क्लोज्ड.

१९३८ मध्ये माँट्रियलच्या कोमारोव्हने हिस्टामीन काढून टाकलेला अर्क वापरला, तरी आम्ल सुटलं. १९४० मध्ये एडकिन्स वारला. पुढे १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं. सतरा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. एडकिन्स बरोबर होता, पण ते बघायला तो नव्हता.

खरी गंमत पुढेच आहे. हिस्टामीनवालेही चुकले नव्हते! खालच्या अस्तरातल्या जी पेशी गॅस्ट्रिन सोडतात, ते रक्तातून वरच्या भागातल्या ईसीएल पेशींकडे जातं, त्या हिस्टामीन सोडतात, आणि ते हिस्टामीन आम्लाच्या पेशींना कामाला लावतं. एकाच साखळीच्या दोन कड्यांवरून लोक इतकी वर्षं भांडत होते. जेम्स ब्लॅकने हिस्टामीनची कडी अडवणारी औषधं शोधली आणि १९८८ चं नोबेल घेतलं.

आता आईचा रिपोर्ट मला वाचता आला. आम्ल पुरेसं झालं की जी पेशी थांबतात, साधा फीडबॅक लूप. आईच्या शरीराने स्वतःच्याच आम्लाच्या पेशी मारल्यात. त्यामुळे "पुरे" हा सिग्नलच येत नाही. जी पेशी बिचाऱ्या रिक्वेस्ट पाठवत राहतात, सर्व्हर कधीच बंद पडलाय. गॅस्ट्रिनच्या माऱ्याने ईसीएल पेशी वाढत जातात, कधीकधी त्यांच्या छोट्या गाठी होतात, म्हणून अधूनमधून दुर्बीण. बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही त्या मेलेल्या पेशीच बनवायच्या. मुंग्या तिथून आल्या.

म्हणजे आईचं पोट वर्षानुवर्षं "आम्ल पाठवा" म्हणून ओरडत होतं आणि आम्ही तिला आम्ल मारायच्या गोळ्या देत होतो.

एडकिन्सचं तिकीट लोकांनी बंद केलं म्हणून मी शनिवारी रात्री भयंकर चिडलो होतो. मग लक्षात आलं, आईचं तिकीट तर मीच बंद केलं होतं.

आता बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. काल म्हणाली, "पाय जरा जड वाटतायत रे." या वेळी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "कधीपासून?"

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.