वकिलाची बायको आणि म्हातारीची सुई

आपल्या गटात साठीच्या पुढच्या ज्या बाया आहेत, त्यांनी जरा आपल्या दंडाकडे बघा. बहुतेकींना तिथं रुपयाएवढा गोल वण दिसेल. तो देवी काढल्याचा. आपल्या सुनांच्या दंडावर तो नाही, कारण देवीचा रोग जगातून गेला. १९८० साली तसं जाहीरच झालं. आज जी गोष्ट सांगणार आहे ती या वणाच्या फार आधीची आहे, पण तिचं त्याच्याशी नातं आहे.

साल १७१६. आपल्याकडे साताऱ्याला शाहू महाराजांचं राज्य, बाळाजी विश्वनाथ पेशवे. तिकडं इंग्लंडच्या राजानं एडवर्ड वर्टली माँटेग्यू नावाच्या गृहस्थाला तुर्कस्थानच्या सुलतानाकडं वकील म्हणून पाठवलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. एका राजानं दुसऱ्या राजाच्या दरबारात ठेवलेल्या माणसाला आपल्याकडेही तेव्हा वकीलच म्हणत. आता राजदूत म्हणतात. त्याच्याबरोबर त्याची बायको मेरी निघाली, तीन वर्षांचा मुलगा घेऊन.

मेरी सत्तावीस वर्षांची होती. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस गेले ते पुन्हा आलेच नाहीत. लंडनमध्ये ती देखणी म्हणून नावाजलेली होती. तिचा एकुलता भाऊ तर १७१३ साली देवीनंच गेला होता. हे सगळं पोटात घेऊन ती गाडीत बसली.

प्रवास भर थंडीतला. बेलग्रेडहून पुढं जाताना राखणीला सुलतानाचे पाचशे शिपाई दिले होते. हे शिपाई वाटेतल्या गावांत शिरत आणि गरिबांच्या कोंबड्या, मेंढ्या न विचारता उचलत. मेरीनं पत्रात लिहून ठेवलंय की ते बघून तिला रडू यायचं. पैसे द्यावेत असं वाटायचं, पण दिले असते तर ते शेतकऱ्याच्या हातात पडलेच नसते, वरच्या अधिकाऱ्यानंच खिशात घातले असते. साहेबाचा दौरा गावाला कसा पडतो, हे काही आपल्याला नवीन नाही.

वाटेत सोफिया शहर लागलं. आज ते बल्गेरियात आहे. तिथं गरम पाण्याचे झरे आणि बायकांचं न्हाणीघर. मेरी आपल्या घोड्यावर बसायच्या जाड कपड्यांतच आत गेली. आत दोनशेएक बाया, कुणाच्या अंगावर काही नाही, आणि कुणाला त्याची लाजही नाही. कुणी कॉफी पितंय, कुणी सरबत, दासी केस विंचरतायत. आपल्याकडे विहिरीवर किंवा नळावर जशी बातमी फिरते तशी तिथं गावभरची बातमी फिरायची. तिच्या विचित्र कपड्यांना कुणीही हसलं नाही. उलट, तू पण उतरव ना कपडे, असा आग्रह झाला. शेवटी मेरीनं वरचा सदरा उघडून आतली ताठ पट्ट्यांची घट्ट आवळलेली चोळी दाखवली. बाया बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, हिच्या नवऱ्यानंच हिला या यंत्रात कोंडून कुलूप घातलंय!

मला या पत्रातली ही जागा फार आवडते. परदेशी बाई त्यांची बंधनं बघायला गेली, आणि त्यांना हिचंच बंधन दिसलं.

पुढं एडिर्ने आणि मग इस्तंबूल. तिथं पेरा भागात वकिलाचं घर होतं. त्या घरात मोतद्दार अरब, नोकर फ्रेंच, इंग्रज आणि जर्मन, मोलकरणी रशियन, दाई आर्मेनियन, कारभारी इटालियन, दारावरचे शिपाई तुर्क. घरातच इतक्या भाषा कानावर पडायच्या की माझी इंग्रजी बिघडत चाललीय, अशी तिची तक्रार. ती तुर्की शिकली. तुर्की बायकांसारखा बुरखा आणि झगा घालून बाजारात, रस्त्यांतून हिंडली. एडिर्नेची मोठी मशीद तिनं याच पोशाखात पाहिली. तिथल्या बाईचा पैसा लग्नानंतरही तिचाच राहतो, याचं तिला मोठं नवल. इंग्लंडात तो नवऱ्याचा व्हायचा, आणि तो कायदा नीट बदलायला १८८२ साल उजाडलं. तुर्की बायकाच खऱ्या स्वतंत्र, असंही तिनं लिहिलं. हे जरा जास्तच झालं. ती बसत-उठत होती श्रीमंत घरांत, आणि त्याच घरांतल्या गुलाम बायकांबद्दल ती फार सहज लिहून गेली.

पण बायकांच्या माजघरात शिरल्यामुळे तिला एक गोष्ट दिसली. १ एप्रिल १७१७ ला तिनं सारा चिझवेल या मैत्रिणीला पत्र लिहिलं. इथं देवीची कुणाला भीती नाही, असं त्यात सांगितलं. उन्हाळा ओसरला की पंधरा-सोळा जणं एकत्र जमतात. हेच काम करणारी एक म्हातारी येते. हलक्या देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू तिनं फळाच्या टरफलात भरून आणलेला असतो. ती विचारते, कुठं टोचू? मग सुईनं ओरखडा काढून त्यात सुईच्या टोकावर मावेल एवढा पू घालते आणि वर टरफल बांधते. मुलं आठवडाभर खेळतात, मग दोन दिवस तापानं पडतात, थोडे फोड येतात आणि जातात. पुन्हा त्यांना देवी येत नाही.

हे लंडनच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. तुर्कस्थानातल्या एका डॉक्टरानं १७१४ सालीच तिकडं लिहून कळवलं होतं. त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं.

मार्च १७१८ मध्ये मेरीनं स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं. तो पाचव्या वर्षात होता. नवरा बाहेरगावी होता. घरचा डॉक्टर मेटलंड हजर होता, आणि एका ग्रीक म्हातारीला बोलावणं गेलं. म्हातारीचा हात कापत होता, सुई गंजकी. एका दंडावर तिनं टोचलं, दुसऱ्यावर डॉक्टरनं. काही दिवसांनी मेरीनं नवऱ्याला कळवलं की पोरगं गातंय, खेळतंय आणि जेवणाची घाई करतंय. तान्ह्या मुलीला मात्र टोचता येत नाही, कारण दाईला देवी येऊन गेलेल्या नाहीत. टोचलेल्यापासून दुसऱ्याला खऱ्या देवी लागू शकत, आणि टोचल्यावर शंभरात एक-दोघं दगावतही. कुठल्या आईनं किती धीर धरायचा, हे बाहेरून सांगणं सोपं असतं.

१७२१ साली लंडनमध्ये देवीची साथ आली, तेव्हा तिनं त्या मुलीलाही टोचायला लावलं. मेटलंड घाबरला, दुसरे डॉक्टर साक्षीला हवेत म्हणाला. मग त्याच वर्षी तुरुंगातल्या सहा कैद्यांवर प्रयोग झाला. त्यांत तीन बायका होत्या. जगलात तर सुटका, असा सौदा. फाशीच्या कैद्याला काय, तो हो म्हणणारच. सगळे जगले आणि सुटले. पुढच्या वर्षी युवराज्ञीच्या दोन मुलींना टोचलं. डॉक्टर लोकांनी मात्र त्यात रक्त काढणं, जुलाब देणं असली भर घातली. यावर मेरीनं वर्तमानपत्रात कडक लिहिलं, पण स्वतःच्या नावानं नाही, तुर्कस्थानातला व्यापारी म्हणून.

पुढं १७९६ मध्ये जेन्नरनं गाईच्या देवीची, कमी धोक्याची लस काढली. ती बगदाद, बसरा करत, या दंडावरून त्या दंडावर अशी मुंबईला पोचली. १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला ती टोचली. भारतात ती पहिली. पोरगी शांत पडून राहिली, असं डॉक्टरनं लिहून ठेवलंय.

मुंबईच्या त्या लेकराचं नाव कागदावर आहे. इस्तंबूलच्या ग्रीक म्हातारीचं नाव मेटलंडनं लिहिलं नाही, मेरीनंही नाही.

आणि १७१७ चं ते पत्र जिला आलं होतं ती सारा चिझवेल १७२६ मध्ये गेली. देवीनंच.