गोळा ज्याच्या हाती, वाट त्याची

आपल्या यवतमाळच्या 'शकुंतले'ला एक सुख होतं. समोरून येणारं कुणी नव्हतं. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ असा तो ११३ किलोमीटरचा अडीच फुटी रूळ. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिथं १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल इंजिन आलं आणि पुढे गाडीच थांबली. शेवटच्या काळात दिवसाला एकच गाडी जाऊन येऊन करायची. गुराढोरांचा अपवाद सोडला, तर टक्कर होणार कुणाशी?

पण रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून, असं असलं की प्रश्न जिवाचा होतो. इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथं १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसं गेली. मेल गाडी इकडे सोडा, अशी तार नॉर्विचहून पुढच्या स्टेशनला गेली होती. तिच्यावर अधिकाऱ्याची सही नव्हती. इकडून तर एक्स्प्रेस सुटलेली. ती तार रद्द करायला धावले, तोवर मेल निघून गेली होती. तार पाठवायला मी सांगितलंच नव्हतं, असं अधिकारी म्हणाला. सांगितलं होतं, असं तारबाबू.

तोंडी शब्दावर गाडी सोडायची नाही, हा धडा एडवर्ड टायर यांनी घेतला आणि १८७८ मध्ये विजेच्या तारेनं जोडलेली टोकन यंत्रं काढली. आपल्याकडे पुढे नील यांचं यंत्र रुळलं. रेल्वेची माणसं त्यातल्या टोकनाला 'गोळा' म्हणतात. धातूचा, मुठीत मावणारा गोळा. लगतच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र. पलीकडच्या मास्तरनं संमती दिल्याशिवाय अलीकडचा गोळा निघत नाही आणि एक बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. हा गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला. चालत्या गाडीतून ड्रायव्हर ते कडं झेलतो. गोळा हाती नसेल, तर पुढे जायचं नाही.

शंभर वर्षांनी हाच प्रश्न कचेरीतल्या संगणकांपुढे आला. तार एक, बोलणारे अनेक. अमेरिकेत १९७३ मध्ये निघालेल्या ईथरनेटचं उत्तर गावच्या बैठकीसारखं होतं: वाट मोकळी दिसली की बोला, दोघं एकदम बोलले तर दोघंही थांबा, पुन्हा प्रयत्न करा. आयबीएमच्या झुरिच प्रयोगशाळेतल्या मंडळींनी रेल्वेसारखी शिस्त पसंत केली. १९८५ मध्ये आलेल्या 'टोकन रिंग'मध्ये संगणक कड्यासारखे जोडलेले असत आणि त्यांच्यातून अवघ्या २४ बिटांचं टोकन फिरत राही. ज्याला बोलायचं, तो टोकन धरी, त्यालाच पत्ता आणि मजकूर जोडून पुढे सोडी. ज्याचा पत्ता, तो मजकुराची नक्कल घेई आणि पोचल्याची खूण करी. मजकूर फिरून मूळ संगणकाकडे आला की तो काढून घेऊन नवं टोकन सोडायचं. शिवाय टोकन किती वेळ अडवायचं याला मर्यादा, त्यामुळे आपली पाळी कधी येणार हे आधीच सांगता येई. मधला एखादा संगणक बंद पडून कडं तुटू नये म्हणून सगळ्यांच्या तारा एका पेटीत आणलेल्या असत. ती पेटी त्याला वगळून वाट जोडून देई.

१९८९ मध्ये या जाळ्याचा वेग सेकंदाला ४० लाख बिटांवरून १ कोटी ६० लाखांवर गेला, तरी बाजारात जिंकलं ते स्वस्त ईथरनेट. त्यात आश्चर्य नाही. दोन निरोप आदळले तर पुन्हा पाठवता येतात. गाड्यांचं तसं नाही.

टोकन हरवलं तर? संगणकांच्या कड्यात एक जण राखणदार असे. ठरल्या वेळात टोकन फिरकलं नाही की तो कडं साफ करून क्षणात नवं सोडी. रेल्वेत गोळा हरवला की यंत्रच अडून बसतं. मग दोन्हीकडचे मास्तर आपसांत खात्री करून घेतात, सही-शिक्क्याचा कागद ड्रायव्हरच्या हाती देतात आणि गाडी उशिरा निघते.