संभावनार्थी क्रियापद आणि क्रियाविशेषण : पुलगावच्या बोलीच्या निमित्ताने

वर्धा नदीच्या पूर्व तीरावरील पुलगावात ‘तो आला असन’ हे वाक्य सहज कानी पडते. प्रमाण मराठीत त्याचे रूप ‘तो आला असेल’ असे होईल. भविष्यकाळाच्या तृतीय पुरुषी एकवचनात ‘ल’च्या ठिकाणी ‘न’ येणे हे वऱ्हाडी-नागपुरी पट्ट्यातील बोलींचे सुपरिचित लक्षण होय. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो वर्णभेद नव्हे. ‘असन’ म्हणणाऱ्यास आपल्या विधानाची खात्री किती, हे त्या रूपावरून कळत नाही. ‘बहुतेक आला असन’ आणि ‘नक्की आला असन’ या दोन वाक्यांत क्रियापद तेच आहे. खात्रीचे माप पदरात टाकतो तो आधीचा शब्द. क्रियापद आणि क्रियाविशेषण यांच्यातील ही कामाची वाटणी मराठीत कशी झाली, हे येथे पाहावयाचे आहे.

तुलनेसाठी इंग्रजी घेऊ. तेथे ‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’, ‘मस्ट’ ही साहाय्यक क्रियापदे स्वतःच उतरंडीने लावलेली आहेत. त्यांचे मूळ अर्थ आजच्याहून निराळे होते : ‘कॅन’ हे जाणण्याचे क्रियापद, ‘मे’ हे सामर्थ्याचे, तर ‘मस्ट’ ज्या धातूपासून आले त्याचा अर्थ मुभा असणे असा होता. कालांतराने ही क्रियापदे तर्काच्या कामी लागली आणि रोजच्या बोलण्यात त्यांना जुळणारी क्रियाविशेषणे येऊन चिकटली. ‘माइट पॉसिब्ली’, ‘मस्ट शुअर्ली’, ‘मे वेल’ या जोड्या इंग्रज बोलताना वेगळ्या करीत नाही. मायकेल हॅलिडे यांनी १९७० साली दाखवून दिले की, अशा जोडीत दोन्ही शब्द समान बळाचे असले तर ते एकच गोष्ट दोनदा सांगतात. विषम बळाचे असले तर दोन निराळे अर्थ एकावर एक रचले जातात. जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये पहिल्या प्रकारास सुसंवादाची उपमा दिली आणि लिओ हॉय यांनी १९९७ मध्ये या संयोगांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तात्पर्य, इंग्रजीत क्रियाविशेषण हे बहुधा क्रियापदाच्या सुरात सूर मिळवणारे असते.

मराठीत ती उतरंड क्रियापदाकडे नाही. शालेय व्याकरण विध्यर्थाचे कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा आणि तर्क असे पाच अर्थ सांगते. पाचही अर्थांना रूप एकच, ‘वा’ प्रत्ययाचे. आणि ते संस्कृत ‘तव्य’चे वंशज आहे. म्हणजे ‘करावा’ हा ‘कर्तव्य’ शब्दाचाच उत्तराधिकारी. कर्तव्याच्या प्रत्ययाने तर्काचे ओझे वाहू लागावे, ही घटना इंग्रजीतील ‘मस्ट’च्या प्रवासाशी मिळतीजुळती आहे. परंतु इंग्रजीत अनेक क्रियापदे होती म्हणून प्रत्येकाला तर्काची एकेक पायरी मिळाली. येथे एकाच प्रत्ययावर सर्व भार पडला. ‘तो घरी असावा’ हे वाक्य नुसते वाचले तर ती इच्छा की अनुमान, हे सांगता येत नाही. ‘बहुधा’ शब्द घातला की संशय फिटतो.

‘पाहिजे’चा इतिहास याहून रंजक आहे. ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणि रूप ‘पाहिजे’, म्हणजे ‘पाहिले जाते, शोधले जाते’. ज्याचा शोध घेतला जातो ते हवे असते. हवे असते ते आवश्यक ठरते. जुन्या मराठीतील कर्मणि ‘इजे’ हा प्रत्यय पुढे लोपला. ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ ही दोन रूपे मात्र थिजून उरली. ‘आला असला पाहिजे’ या रचनेत ‘पाहिजे’ अनुमानापर्यंत पोचले आहे. ‘लागणे’ मात्र तेथवर गेले नाही. पुलगावचा माणूस ‘मले आर्वीले जा लागन’ म्हणतो तेव्हा ती निव्वळ निकड असते. ‘पाऊस पडावा लागेल’ असा तर्क कोणी मराठी माणूस करणार नाही. इंग्रजीतील निकडीची क्रियापदे अनुमानाकडे सर्रास वळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक नजरेत भरतो.

आता क्रियाविशेषणांकडे वळू. कारण खरे वजन तेथे आहे. संस्कृतात ‘कदाचित्’ म्हणजे ‘कोणे एके वेळी’, ‘बहुधा’ म्हणजे ‘अनेक प्रकारांनी’. मराठीने पहिल्यातून काळ काढून टाकला व दुसऱ्यातून संख्या, आणि दोहोंस संभवाच्या कामी जुंपले. ‘क्वचित्’ हे ‘कदाचित्’चे भावंड मात्र वारंवारतेपाशीच थांबले. ‘बहुतेक’ने तर दोन्ही घरे राखली : ‘बहुतेक गाड्या’ म्हणजे पुष्कळशा गाड्या, ‘बहुतेक येईल’ म्हणजे येण्याचा संभव अधिक. पुष्कळ वेळा घडते ते याही वेळी घडेल, हा व्यवहारी माणसाचा हिशेब या अर्थांतराच्या मुळाशी आहे. ‘अवश्य’ची गत उलटी झाली. ‘आपल्या इच्छेच्या अधीन नाही ते’ असा त्याचा मूळ अर्थ. आज ते आमंत्रणपत्रिकेत स्थिरावले आहे. ‘अवश्य या’ म्हणता येते. ‘अवश्य आला असेल’ कानाला खटकते. ‘नक्की’ला असे बंधन नाही, ते आज्ञेला चालते आणि तर्कालाही.

पुलगावी या शब्दांस आणखी एक कसोटी लागते. १८५३ साली वऱ्हाड ब्रिटिश कारभाराखाली आल्यावर आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर वर्धा नदी ही दोन निरनिराळ्या कारभारांमधील सीमा ठरली. पूर्व तीर मध्य प्रांतात गेला व तेथे हिंदीचा शेजार निकटचा झाला. पुढे १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. आता हिंदीत ‘बहुधा’ म्हणजे ‘वारंवार’, अर्थात संस्कृताच्या अधिक जवळचा अर्थ. ‘तो बहुधा आजारी असतो’ या वाक्याचा अर्थ हिंदी वाचणारा एक करील व मराठी वाचणारा दुसरा. दोन्ही भाषा एकाच फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाने येथे थबकावयास हवे.

हिंदीतील ‘हो सकता है’च्या साच्यावर घडलेले ‘होऊ शकते’ हेही याच शेजाराचे फळ मानावे लागेल. इंग्रजीच्या भाषांतरांनी त्यास बळ दिले. ‘शकणे’ मराठीत जुनेच आहे, पण सामर्थ्याच्या अर्थी. ‘मला चालवते’ हे शक्य क्रियापद मागे पडून ‘मी चालू शकतो’ रूढ झाले, तेथवर अर्थ सामर्थ्याचाच होता. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ म्हणताना पावसाच्या अंगी कोणते सामर्थ्य अभिप्रेत असते? पूर्वीचा माणूस ‘पडेल बहुतेक’ म्हणून मोकळा होई. आणि ‘कदाचित पाऊस पडू शकतो’ ही तर ‘मे पॉसिब्ली’ची छाया आहे. इंग्रजीत तेथे एकच संभव दोनदा सांगितलेला असतो. मराठी वाचकास मात्र संभवाचाही संभव, म्हणजे संशय दुप्पट, असे वाटण्याचा धोका आहे. ही रचना अशुद्ध ठरवावी असे मला म्हणावयाचे नाही, ती रुळली आहे. परंतु भाषांतरकाराने दोहोंपैकी एक शब्द गाळला तर अर्थाची हानी होत नाही.

हानी होते ती निराळ्या ठिकाणी. ‘नक्की’ हा शब्द ‘असेल’ला जोडला म्हणून अनुमानाची वस्तुस्थिती होत नाही. ‘तो नक्की आला आहे’ म्हणणाऱ्याला प्रत्यक्ष माहिती असते. ‘तो नक्की आला असन’ म्हणणारा, कितीही ठासून बोलला तरी, तर्कच करीत असतो. खात्री तर्काची आहे, घटनेची नव्हे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष ज्ञानाचा असावा, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही कायम आहे. नदीकाठच्या खेड्यातील साक्षीदाराच्या तोंडचे ‘नक्की आला असन’ प्रमाण भाषेत उतरविताना लेखनिकाचे लक्ष ‘नक्की’ने वेधून घेतले आणि कागदावर ‘नक्की आला होता’ असे उमटले, तर ऐकणाऱ्याचा तर्क पाहणाऱ्याची साक्ष होऊन बसतो. तेथे नुसता ‘न’चा ‘ल’ करणे पुरेसे आहे : ‘नक्की आला असेल’.