फाइल वाचन व लेखन (पायथॉन)

फाइल वाचन व लेखन : प्रोग्राम बंद झाल्यावरही माहिती टिकावी म्हणून ती डिस्कवरील फाइलीत लिहिणे व लागेल तेव्हा परत वाचणे. नवशिक्यांना बहुधा आधी शिकवली जाणारी पायथॉन ही भाषा गिदो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. मात्र पायथॉन 3 पासून चलांना देवनागरी नावे देता येतात.

फाइल ‘ओपन’ या फंक्शनने उघडते. वाचण्यासाठी ‘आर’, नव्याने लिहिण्यासाठी ‘डब्ल्यू’, शेवटी भर घालण्यासाठी ‘ए’ हे प्रकार आहेत. ‘डब्ल्यू’ फार जपून वापरावा : एक शब्दही लिहिण्याआधी, उघडताक्षणीच तो जुना मजकूर पुसतो. काटेवाडीच्या एखाद्या शेतकऱ्याने भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला गेलेल्या उसाच्या खेपांची वजने रोज नोंदवायची म्हटली, तर ‘ए’च हवा, ‘डब्ल्यू’ने हंगामाअखेर शेवटची खेप तेवढी उरेल. वाचलेले वजन स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) म्हणूनच हाती येते, म्हणून बेरजेआधी ते ‘फ्लोट’ने संख्येत बदलावे. ‘विथ’ वापरून उघडलेली फाइल मध्येच चूक झाली तरी आपोआप बंद होते.

मराठीपुरता मोठा प्रश्न एन्कोडिंगचा, म्हणजे चिन्हे बाइटांत कशी साठवायची याचा. ‘काटेवाडी’ डोळ्यांना चार अक्षरी. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असल्याने पायथॉन तिची लांबी 8 मोजतो, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागत असल्याने फाइलीत ती 24 बाइट व्यापते. एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथॉनच्या बहुतेक आवृत्त्या संगणकाचे ठरलेले एन्कोडिंग धरतात. विंडोजवर त्यात अनेकदा देवनागरीला जागाच नसते; मग लिहिताना प्रोग्राम थांबतो किंवा वाचताना भलतीच चिन्हे उमटतात. ‘यूटीएफ-8’ दरवेळी स्पष्ट लिहावे. एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्ही फाइलीसाठी ‘यूटीएफ-8-सिग’ बरे.

जुन्या फाइलींची गोष्ट वेगळी. 1991 च्या इस्की या भारतीय मानकात एका चिन्हाला एकच बाइट असे; पायथॉनसोबत येणाऱ्या एन्कोडिंगांत इस्की नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या फाइलींत तर अक्षरांऐवजी फाँटातील आकारांचे क्रमांक साठवलेले असतात. तिथे एन्कोडिंग बदलून काही साधत नाही. त्या फाँटासाठी बनवलेल्या रूपांतरकातूनच मजकूर काढावा लागतो. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी सर्वांत आधी बिघडतात. मूळ फाइलीवर कधीही लिहू नये, निकाल नव्या नावाने साठवावा.