न्यूरो-अफर्मिंग मूल्यमापन

किशोरवयीन व प्रौढ व्यक्तींमधील स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (अवधानाचा अभाव व अतिचंचलता) ओळखण्याची, मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीला दोष न मानणारी पद्धत. निदानाचे निकष तेच राहतात. प्रश्न, वातावरण आणि अहवालाची भाषा बदलते. १९९० च्या दशकातील न्यूरोडायव्हर्सिटी चळवळीत तिची मुळे आहेत.

डीएसएम-४ या निदान-पुस्तिकेनुसार स्वमग्नता व एडीएचडी ही दोन्ही निदाने एकत्र देता येत नसत. २०१३ च्या डीएसएम-५ ने ती मुभा दिली. एडीएचडीची लक्षणे ७ ऐवजी १२ वर्षांपूर्वी दिसलेली असणे आणि १७ व्या वर्षापासून अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता यांपैकी किमान एका लक्षणगटात ६ ऐवजी ५ लक्षणे असणे पुरेसे ठरले.

मोठ्या वयात मुख्य अडचण मास्किंगची, म्हणजे वेगळेपण लपवण्याची, असते. नजरेला नजर भिडवणे, ठरावीक वाक्ये पाठ करणे, हातांची हालचाल दाबून ठेवणे हे सारे वर्षानुवर्षे सरावाने जमवलेले असते, विशेषतः मुली व स्त्रियांमध्ये. म्हणून तासाभराचे निरीक्षण फसवे ठरू शकते. घरी परतल्यावर येणारा थकवा, आवाज-प्रकाशाचा त्रास, आवडीच्या विषयातील तल्लीनता यांविषयी विचारावे लागते. पालकांच्या आठवणी व जुन्या प्रगतिपुस्तकांवरील शेरेही उपयोगी पडतात. प्रश्न आधी लेखी देणे, मंद प्रकाश व मधली विश्रांती ही सौजन्याची बाब नव्हे. त्यांवाचून माहितीच अपुरी मिळते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही गंभीर उणीव होय.