उघड्या कॉकपिटपासून टपापर्यंत : शिडाच्या लहान नौकेवरील निवाऱ्याचा इतिहास (१८९५ ते १९७९)

प्रस्तावना

शिडाच्या नौकांचा इतिहास सामान्यतः शिडे, डोलकाठी, नौकेचा सांगाडा आणि दिशादर्शनाची साधने यांच्या अंगाने लिहिला जातो. ज्या जागेवर बसून माणूस सुकाणू धरतो, त्या जागेकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. या जागेला कॉकपिट म्हणतात. डेकच्या पातळीखाली ठेवलेली ही खोलगट जागा बहुतेक नौकांत मागील बाजूस असते. सुकाणूचा दांडा किंवा चाक, शिडे आवरण्याचे दोर आणि होकायंत्र ही सर्व तेथेच हाताशी असतात. लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासात कोणीतरी एक जण पाळीपाळीने दिवसरात्र तेथे बसलेला असतो. वारा, पाऊस, लाटांचे तुषार आणि ऊन यांचा पहिला मारा त्याच्यावरच होतो.

डोक्यावर टप घालून ऊनपाऊस अडविण्याची कल्पना जगात फार जुनी आहे. बैलगाडीला टप होता, टांग्याला टप होता. असे असताना समुद्रपर्यटनाच्या लहान नौकांवर ही साधी सोय रूढ होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध का उजाडावा लागला, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. कापड किंवा कौशल्य यांचा अभाव हे याचे कारण नव्हते. सुकाणूला बांधलेला हात आणि सहनशीलतेविषयीची रूढ समजूत या दोन गोष्टींनी नाविकाला उघड्यावर ठेवले. निवाऱ्याचा संबंध चैनीपेक्षा निर्णयशक्तीशी अधिक आहे हे लक्षात येण्यास मोठी किंमत मोजावी लागली, अशी येथील मांडणी आहे.

उघडे कॉकपिट आणि सहनशीलतेचे मूल्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात आणि अमेरिकेत हौशी नौकानयन वाढीस लागले. हौशी मंडळींनी आपल्या नौकांचे नमुने बव्हंशी मच्छीमार, वाटाडे आणि बचाव पथके यांच्या नौकांवरून घेतले. नॉर्वेमधील कॉलिन आर्चर यांनी १८९३ मध्ये बांधलेली बचाव नौका हा त्यांपैकी अत्यंत प्रभावी नमुना होय. अशा नौकांमध्ये कॉकपिट लहान आणि जलरोधक ठेवण्यावर भर होता. लाट आत कोसळली तरी थोडेच पाणी साठावे आणि ते नौकेच्या पोटात उतरू नये, हा त्यामागील विचार होता. पाणी नौकेत शिरू नये याची येथे पुरेपूर काळजी दिसते. ते माणसावर पडू नये याची मात्र दिसत नाही.

या दुर्लक्षाला व्यावहारिक आधारही होता. सुकाणू धरणाऱ्याला शिडाची वाऱ्याकडील कड, मागून येणारी लाट आणि आजूबाजूची जहाजे ही सर्व सतत दिसावी लागतात. मुख्य शिडाची आडवी काठी कॉकपिटवरून सखल फिरते. तिच्या वाटेत उंच छत उभारता येत नाही. शिवाय भिजलेला टप नजर अडवितो आणि वारा धरतो. दृष्टी आणि निवारा यांपैकी एकाची निवड करावयाची झाल्यास नाविक दृष्टीचीच निवड करीत असे. मोठ्या जहाजांची परंपराही हेच शिकवीत होती. ब्रिटिश नौदलाच्या अनेक विनाशिकांवर दुसऱ्या महायुद्धातही अधिकारी उघड्या ब्रिजवर उभे राहत असत.

अशा परिस्थितीत निवारा जागेला नव्हता, तो अंगावर होता. १८७७ मध्ये नॉर्वेमधील कप्तान हेली जूएल हान्सेन यांनी जवसाच्या तेलात भिजविलेल्या कापडाचे पोशाख तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. तेलकापडाचा असा अंगरखा हेच नाविकाचे छप्पर झाले. १९४२–४३ मध्ये दक्षिण गोलार्धातील वादळी पट्ट्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अर्जेंटिनाचे व्हितो दुमास थंडी अडविण्यासाठी कपड्यांच्या आत वर्तमानपत्रे कोंबीत असत. नौकेत बदल करण्यापेक्षा माणसाने स्वतःला जुळवून घ्यावे, ही समजूत किती खोलवर रुजली होती याचे हे उदाहरण बोलके आहे.

सुकाणूवरून सुटलेला हात

नाविकाने आडोशाला जावयाचे तर सुकाणू कोणी धरावयाचे, हा खरा प्रश्न होता. त्याचे पहिले प्रसिद्ध उत्तर जोशुआ स्लोकम यांच्या ‘स्प्रे’ या सुमारे ३७ फूट लांबीच्या नौकेने दिले. २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टन सोडून २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतलेल्या स्लोकम यांची ही एकट्याने केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. ‘स्प्रे’चे चाक बांधून ठेवले आणि शिडे नीट जुळविली, की ती आपला मार्ग दीर्घकाळ सोडीत नसे. थर्स्डे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतच्या २३ दिवसांच्या टप्प्यात आपण चाकाजवळ एकंदर सुमारे तीन तासच होतो, असे स्लोकम यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. उरलेल्या वेळात ते केबिनमध्ये वाचन करीत, स्वयंपाक करीत आणि झोपत. परंतु ‘स्प्रे’चा हा गुण तिच्या विशिष्ट घडणीचा होता. तो प्रत्येक नौकेत उतरविता येत नव्हता.

ही मर्यादा ओलांडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात हर्बर्ट हॅसलर यांच्याकडे जाते. डिसेंबर १९४२ मध्ये लहान होड्यांतून बोर्दो बंदरावर केलेल्या धाडसी हल्ल्याचे नेतृत्व ब्रिटिश रॉयल मरीन्सच्या याच अधिकाऱ्याने केले होते. त्यामुळे त्यांच्या सहनशक्तीविषयी शंका घेणे कोणालाच शक्य नव्हते. अशा माणसाने नाविकाला कोरडे ठेवणारी नौका तयार करावी, ही बाब अर्थपूर्ण आहे. ‘जेस्टर’ या आपल्या २५ फुटी नौकेवर हॅसलर यांनी चिनी पद्धतीचे एकच शीड चढविले. नेहमीचे उघडे कॉकपिट त्यांनी डेकने झाकून टाकले आणि मध्यभागी एक वर्तुळाकार झरोका ठेवला. त्यावर बाबागाडीच्या टपासारखा, वाऱ्याच्या दिशेनुसार फिरविता येणारा कापडी टप बसविला. सर्व दोर या झरोक्यापाशी आणल्यामुळे शीड उघडणे, आवरणे आणि लहान करणे ही कामे डेकवर न जाता करता येऊ लागली.

याला जोड मिळाली ती स्वयंसुकाणूची. नौकेच्या मागील बाजूस बसविलेले पाते वाऱ्याची दिशा ओळखते. नौका मार्गावरून ढळली की ते पाण्यात लोंबणाऱ्या फळीला वळण देते. वाहत्या पाण्याच्या जोराने ही फळी एका बाजूला ढकलली जाते आणि दोरांच्या साहाय्याने सुकाणू ओढते. पात्याचे बळ अल्प असते. सुकाणू फिरविण्याचे बळ नौकेच्या वेगातूनच मिळते. हॅसलर यांनी विकसित केलेल्या या यंत्रणेला इंधन लागत नाही, वीजही लागत नाही.

११ जून १९६० रोजी प्लिमथहून न्यूयॉर्ककडे एकट्या नाविकांची अटलांटिकपार शर्यत सुरू झाली. पाच स्पर्धकांमध्ये फ्रान्सिस चिचेस्टर ‘जिप्सी मॉथ तृतीय’ या जवळपास ४० फुटी नौकेतून ४० दिवसांत पहिले आले. हॅसलर ४८ दिवसांत दुसरे आले. इतक्या लहान नौकेने हा मार्ग कापला, यातच झाकलेल्या सुकाणूजागेची उपयुक्तता सिद्ध झाली. यानंतर इतरांनीही याच दिशेने पावले टाकली. १९६४ च्या शर्यतीचे फ्रेंच विजेते एरिक ताबार्ली यांच्या ‘पेन ड्युइक द्वितीय’ या नौकेवर जुन्या सागरी विमानाचा पारदर्शक घुमट बसविलेला होता. बर्नार म्वातेसिए यांनी आपल्या पोलादी नौकेला ‘जोशुआ’ हे स्लोकम यांचेच नाव दिले. केबिनच्या आतून सुकाणू धरता यावे आणि छोट्या घुमटाच्या तावदानांतून बाहेर पाहता यावे, अशी सोय तिच्यावर होती. दृष्टी आणि निवारा यांतील जुना विरोध येथे प्रथमच मिटताना दिसतो.

मुंबईची ‘सुहेली’ : निवाऱ्याची दुसरी बाजू

या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर काम करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘सुहेली’ ही ३२ फुटी नौका मुंबईत कुलाब्याला बांधून घेतली. भारतीय कारागिरांनी पारंपरिक हत्यारांनी सागवानात घडविलेली ही नौका १९६४ च्या डिसेंबरमध्ये पाण्यात उतरली. तिचा आराखडा कॉलिन आर्चर यांच्या बचाव नौकांच्याच कुळातील होता. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. गोल्डन ग्लोब शर्यतीतील नऊ स्पर्धकांपैकी केवळ त्यांनीच ती पूर्ण केली.

‘सुहेली’वर ‘जेस्टर’सारखी झाकलेली सुकाणूजागा नव्हती. ऑस्ट्रेलिया गाठेपर्यंत तिचे स्वयंसुकाणूही निकामी झाले आणि शिडांचा तोल साधून नौका मार्गावर ठेवण्याची जुनी युक्ती त्यांना पुन्हा वापरावी लागली. तेव्हा निवाऱ्याशिवाय हा प्रवास अशक्य होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु या प्रवासाने निवाऱ्याचा दुसरा धोकाही दाखविला. दक्षिण महासागरात लाटेने नौका आडवी केली, तेव्हा केबिन डेकला जेथे जोडलेली होती तेथील सांधे हलले आणि पाणी आत झिरपू लागले. भक्कम सागवानी केबिनची ही गत, तर कापडी टप किंवा पातळ तावदान यांचे काय होईल, हे उघड आहे. डेकच्या वर जे जे उभे राहते, ते लाटेचे लक्ष्य होते. म्हणून चांगला निवारा लहान, सखल आणि प्रसंगी झटकन मिटविता येणारा असावा, हे तत्त्व पुढे मान्य झाले.

थंडीचे शास्त्र आणि १९७९ ची दुर्घटना

निवारा ही चैन नव्हे, हे अनुभवाने कळू लागले त्याच सुमारास शास्त्रही ते सांगू लागले होते. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल यांनी अंटार्क्टिकामधील प्रयोगांच्या आधारे १९४५ मध्ये वारा आणि शीतलता यांचा संबंध मांडला. तापमान तेच असताना वारा वाढला की उघडे अंग अधिक वेगाने उष्णता गमावते. शिडाच्या नौकेवर यात आणखी एक भर पडते. वारा ताशी १५ सागरी मैलांचा असेल आणि नौका त्याच्याशी ४५ अंशांचा कोन करून ताशी ६ सागरी मैलांनी पुढे जात असेल, तर कॉकपिटमधील माणसाला जाणवणारा वारा २० च्या जवळ जातो. अंग भिजलेले असेल तर उष्णतेचा ऱ्हास आणखी वाढतो. थंडीने प्रथम बोटे बधिर होतात आणि त्यानंतर विचार मंदावतो. आपला विचार मंदावला आहे हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही, हा यातील सर्वांत गंभीर भाग होय.

ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीने हा धोका भीषण स्वरूपात समोर आणला. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या दक्षिणेकडील समुद्रात १३ व १४ ऑगस्टला झालेल्या वादळात ३०३ नौका सापडल्या. १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला आणि २४ नौका सोडून देण्यात आल्या. सोडलेल्या नौकांपैकी बहुतेक नंतर तरंगत असलेल्या आढळल्या. सर्व मृत्यूंचे कारण थंडी हे नव्हते. सुरक्षापट्टे तुटले, जीवरक्षक तराफे फाटले आणि माणसे समुद्रात फेकली गेली. तथापि, जी नौका तरंगत राहिली ती सोडून समुद्रात उतरण्याचा निर्णय भिजलेल्या, गारठलेल्या आणि थकलेल्या माणसांना घ्यावा लागला होता, हे विसरता येत नाही. शर्यतीच्या नौकांवर उघडे कॉकपिट आवश्यकच मानले जाई. त्यांच्यावर टप असते तर हे मृत्यू टळले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु नौकेची ताकद आणि माणसाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरी आधी संपू शकते, हे या घटनेने निर्विवादपणे दाखविले.

साहित्य, रचना आणि रूढी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या साहित्यानेही या बदलाला हातभार लावला. सुती कॅनव्हास ओला राहून कुजत असे. त्याची जागा ऊन आणि बुरशी सोसणाऱ्या ॲक्रिलिक कापडाने घेतली. गंजरोधक पोलादी नळ्यांची घडीची चौकट आणि पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी यांमुळे पुढे नजर ठेवणारा, पण मिटविता येणारा टप सर्वसामान्य नौकेवर बसविणे शक्य झाले. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ‘रास्मुस ३५’ या पर्यटन नौकेवर तर कॉकपिटपुढे काचेचा पक्का पडदाच होता. उष्ण प्रदेशांत थंडीऐवजी ऊन हा शत्रू असल्याने तेथे डोक्यावर आडवे कापडी छत ताणण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक प्रदेशाने आपापल्या हवामानानुसार निवाऱ्याचा अर्थ लावला, असे यावरून दिसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कॉकपिटवरील टप हा केवळ कापडाच्या आणि नळ्यांच्या प्रगतीचा परिणाम नाही. स्लोकम आणि हॅसलर यांनी सुकाणूवरून हात सोडविला, तेव्हा नाविकाला आडोशाला बसण्याची मोकळीक मिळाली. हॅसलर यांच्यासारख्या कसलेल्या योद्ध्याने आडोसा स्वीकारल्यावर त्यातील कमीपणा उरला नाही. ‘सुहेली’ने निवाऱ्याच्या मर्यादा दाखविल्या आणि १९७९ च्या वादळाने उघड्यावर राहण्याची किंमत दाखविली. सहनशीलता हा नाविकाचा गुण खराच. परंतु तो साठा मर्यादित आहे. रोजच्या वाऱ्यापावसात तो वृथा खर्च झाला, तर संकटाच्या रात्री हाती काही उरत नाही. टपाखाली बसलेला माणूस कोरडा राहतो, यापेक्षा त्याचे डोके ठिकाणावर राहते, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. कामाच्या जागेची सोय आणि काम करणाऱ्याची निर्णयशक्ती यांचा हा संबंध समुद्रापुरता मर्यादित नाही. श्रमाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेणे उचित ठरेल.